‘रेड डेड २ घेऊन पैसे पाण्यात’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: ‘रेड डेड रिडेम्प्शन’ या काउबॉयच्या व्हिडिओ गेमचा पहिला भाग तुम्ही पीएस५वर (प्लेस्टेशन ५) संपवलात, मनापासून आवडला, म्हणून आमच्याकडून दुसऱ्या भागाची सेकंड हँड डिस्क नेलीत. काउंटरवर सांगितलं गेलं, ‘पहिल्यापेक्षा सगळंच जास्त आहे, डोळे मिटून घ्या.’ घरी डिस्क सुरूच होईना. सुरू झाली तर तीन तास बर्फ. घोडा शिट्टीला येत नाही, मेला तर मेलाच. खांद्यावरची बंदूक गायब होते, कातडी कायम खराब निघते, रुमाल बांधूनही डोक्यावर इनाम लागतं, आणि मेक्सिको तर नाहीच. ‘पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही’ हा तुमचा शेवटचा शेरा.

‘डोळे मिटून घ्या’ ही आमची चूक, त्याबद्दल माफी. हा गेम डोळे मिटून देण्यासारखा नाहीच. पहिला भाग आवडलेल्या माणसाला दुसरा देताना दोन मिनिटं थांबून फरक सांगायला हवा होता. तो इथे सांगतो, म्हणजे तुमच्याबरोबर पुढच्या गिऱ्हाइकाच्याही उपयोगी पडेल.

आधी डिस्क. बॉक्समध्ये दोन आहेत, एकीवर ‘डेटा’ लिहिलंय, दुसरीवर ‘प्ले’. आधी डेटा डिस्क घालायची आणि कॉपी होईपर्यंत काढायची नाही. मग स्क्रीनवर सूचना आली की प्ले डिस्क घालायची. यानंतर डेटा डिस्क बॉक्समध्ये ठेवून द्या, खेळताना दर वेळी प्ले डिस्कच लागते. तुम्ही खेळायला डेटा डिस्क घातली होती, म्हणून मशीन दुसरी मागत होतं. डिस्क खराब नाही. जागा साधारण १०५ जीबी मोकळी हवी, वर अपडेट वेगळे. पीएस५ची आतली जागा भरली असेल तर हा पीएस४चा गेम साध्या यूएसबी हार्ड डिस्कवरूनही चालतो, महागड्या एसएसडीची गरज नाही.

आता ‘जड वाटतो’ ही तक्रार. ती खरी आहे आणि तिला दोन कारणं आहेत. तुम्ही खेळलात ती पहिल्या भागाची २०२३ची पीएस४ आवृत्ती. मूळ गेम २०१०चा, आणि अपडेटनंतर पीएस५वर ही आवृत्ती सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) पळते. दुसरा भाग २०१८चा, आणि त्याची ही डिस्क पीएस५वरही ३० फ्रेमनेच चालते. साठाची सवय झालेल्या बोटांना तीस लगेच जाणवतात. दुसरं कारण गेमच्या घडणीतच आहे. दुसऱ्या भागाचा नायक आर्थर वळताना आधी पाय टाकतो, मग खांदा फिरवतो. कपाट उघडून डबा हातात घेतो, मग पिशवीत टाकतो. पहिल्या भागाचा नायक जॉन मार्स्टन बटण दाबताच हलायचा. दुसऱ्या कारणावर उपाय नाही, पहिल्यावर थोडा आहे. टीव्ही गेम मोडवर टाका. मग गेमच्या कंट्रोल सेटिंगमध्ये थर्ड पर्सनचं लुक ॲक्सिलरेशन (नजर वेग घेण्याचं प्रमाण) वाढवा आणि डेड झोन (कांडी हलवूनही काही घडत नाही ती जागा) अगदी कमी करा. कॅमेरा आणि नेम दोन्ही बरेच हलके होतात.

बर्फाचा भाग म्हणजे पहिला अध्याय, कोल्टर. तिथे गेम हात धरून चालवतो, मोकळीक जवळजवळ नाही. आमच्या मते तो लांबलाय, आणि पहिल्या भागात आर्मडिलो गावाजवळ लगेच माळरान मिळालेल्या माणसाला तो नक्कीच खुपतो. खरा गेम दुसऱ्या अध्यायात, हॉर्सशू ओव्हरलुकच्या छावणीपासून सुरू होतो. रिव्ह्यूवरून दिसतं की तुम्ही तिथे नुकतेच पोचलात आणि थांबलात.

सगळ्यात मोठा फरक घोड्याचा आहे. पहिल्या भागात घोडा म्हणजे वाहन. नकाशावर कुठेही शिट्टी मारा, तो हजर. त्याची डीड (मालकीचा कागद) खिशात असली की मेल्यावरही तोच घोडा परत बोलावता येतो. दुसऱ्या भागात घोडा म्हणजे पाळलेलं जनावर. शिट्टी ठरावीक अंतरापर्यंतच ऐकू जाते आणि ते अंतर त्याच्याशी असलेल्या नात्यावर ठरतं. नात्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर घोडा जवळ असेल तरच येतो, शेवटच्या पायरीवर बराच लांबूनही येतो. नातं वाढवायचं तर जवळ उभं राहून कंट्रोलरचं एल२ बटण धरा. खरारा करा, चारा द्या, थोपटा. चालत्या घोड्यावर एल३ (म्हणजे डावी कांडी) दाबलं तरी तो थोपटला जातो, आणि लांडगा किंवा साप पाहून बिथरला तर त्यानेच शांत होतो. चिखल साचू दिला तर घोड्याचा दम कमी होतो, म्हणून खरारा हा दिखाऊपणा नाही.

घोडा जखमी होऊन पडला तर लगेच जीव जात नाही. त्या वेळी जवळ ‘हॉर्स रिव्हायव्हर’ची बाटली असेल तर तो उठतो. ती तबेल्यात मिळते, एक तरी कायम पिशवीत ठेवा. ती नसल्यामुळेच तुमचा घोडा गेला. घोडा गेला तरी खोगीर उचलून घ्या आणि नव्या घोड्यावर घाला. ज्याच्यावर तुमचं खोगीर, तोच शिट्टीला येतो.

बंदुकीचं गणितही याच खोगिराशी जोडलेलं आहे. पहिल्या भागात जॉनच्या अंगावर अख्खं शस्त्रागार मावायचं. इथे आर्थरच्या खांद्यावर दोनच लांब बंदुका, बाकी घोड्यावर. स्वार झालात की खांद्यावरच्याही खोगिराला जातात. त्यामुळे उतरण्याआधी घोड्यावर बसूनच एल१ धरा, स्क्रीनवर येणाऱ्या शस्त्रांच्या चाकातून हव्या त्या बंदुका निवडा आणि मग पाय खाली टाका. चकमकीच्या मध्यात हे आठवून उपयोग नाही, तोवर घोडा गोळीबाराने पळालेला असतो. गन ऑइलने साफसफाईही करत राहा, कारण मळलेली बंदूक कमी मारा करते.

गावात शिरताना एल१ नुसतं टिचकावून बंदूक म्यानात टाका. एल२ रिकाम्या हाताने दाबलं तर माणसाशी बोलता येतं, हातात बंदूक असताना दाबलं तर त्याच्यावर रोखली जाते. व्हॅलेंटाइन गावात तुमच्यावर शेरीफ धावून आला असं लिहिलंय, तो बहुधा यामुळेच.

कातड्याबद्दल जरा सविस्तर, कारण अर्धे लोक इथेच वैतागतात. पहिल्या भागात जनावर कशानेही मारा, बटण दाबा, कातडं पिशवीत. इथे जनावरालाच एक ते तीन तारे असतात, आणि दोन ताऱ्यांच्या हरणाचं उत्तम कातडं कधीच निघत नाही, कितीही जपून मारलंत तरी. हरीण दिसलं की घोडा लांब सोडा, वाका, दुर्बीण काढा आणि आर१ धरून जनावर पाहा. तीन तारे नसतील तर सोडून द्या. असतील तर धनुष्य घ्या (ते पहिल्या अध्यायातच मिळतं, खोगिरावर असतं), वारा तुमच्याकडून हरणाकडे वाहत नाही हे बघा आणि डोक्यात किंवा मानेत एकच बाण मारा. बाण पोटात बसला आणि हरीण पळत सुटलं की काम बिघडलं. शॉटगन तर वापरूच नका. सशा-खारीला हा बाणही मोठा होतो. त्यांच्यासाठी लहान शिकारीचा बाण छावणीच्या शेकोटीवर बनवा: एक साधा बाण, एक पीस, एक शॉटगनचं काडतूस. कातडं घोड्यावर टाकलं की थेट खाटीक किंवा ट्रॅपर (कातडी विकत घेणारा) गाठा.

रुमालाचा नियम बदललाय आणि गेम तो नीट सांगत नाही. पहिल्या भागात रुमाल बांधला की इभ्रतीवर परिणामच होत नसे. दुसऱ्यात रुमाल फक्त ओळख लपवतो, तीही गुन्ह्याच्या आधी बांधला तर, इभ्रत घसरतेच. साक्षीदाराने पाहिल्यावर बांधून फायदा नाही. त्या वेळी साक्षीदाराला गाठून धमकावणं हाच मार्ग, नाहीतर नंतर पोस्टात जाऊन इनामाची रक्कम भरायची.

प्रवासाचा वेळ कमी करायला छावणीतली हिशेबाची वही वापरा. टोळीतला सावकार स्ट्रॉस याच्या उधारी वसुलीची मोहीम सुरू केलीत की ती उघडते. आधी टोळीचा म्होरक्या डच याच्या राहुटीला २२० डॉलर, मग आर्थरच्या राहुटीला ३२५. त्यानंतर आर्थरच्या पलंगापाशी नकाशा लागतो आणि पाहिलेल्या गावांना थेट जाता येतं. पहिल्या भागात ही सोय कुठेही तळ ठोकून मिळायची, ती इथे कमावावी लागते.

मेक्सिकोबाबत तुमची तक्रार मान्य. पहिल्या भागातला मेक्सिकोचा प्रांत, न्वेव्हो पाराइसो, दुसऱ्या भागात नाही. लायर्स डाइस हा फाशांचा खेळ, नालफेक, पंजा लढवणं हेही गेलं. मोहिमांमध्येही गेम फार आवळतो, दिलेल्या वाटेवरून जरा हटलात की मोहीम फसली. इतक्या मोकळ्या जगाला ते शोभत नाही, असं आमचंही मत आहे.

पण पहिला भाग खेळलेल्या माणसासाठीच ठेवलेली एक गोष्ट यात आहे. दुसऱ्या भागाची कथा १८९९ची, म्हणजे पहिल्याच्या १९११च्या आधीची. सहा अध्याय संपल्यावर उपसंहारात, १९०७ साली, न्यू ऑस्टिन खुलं होतं, तेच तुमचं जुनं माळरान. (त्याआधी तिकडे जाऊ नका, दुरून गोळी येते.) पहिल्या भागात भुताटकीसारखं ओस पडलेलं टंबलवीड इथे नांदतं गाव आहे, आणि गजबजलेलं आर्मडिलो रोगाच्या साथीने मोडलेलं. कुठल्या घरापुढे काय होतं हे ज्याच्या लक्षात आहे, त्यालाच त्या रस्त्यावर घोडा हळू करावासा वाटतो. तुम्हाला वाटेल, आम्ही तिथवर पोचणार कधी. कथा फोडत नाही, पण वेळ लागतो, नुसती कथा खेळलीत तरी पन्नासेक तास जातात.

तेव्हा निर्णय तुमचा. व्हॅलेंटाइनच्या आसपास सहा-सात तास वर सांगितल्याप्रमाणे खेळून बघा. तरी हात बसला नाही तर डिस्क परत आणा. १५ दिवसांची मुदत तुमच्या बाबतीत एक महिना धरू आणि बिलाची पूर्ण रक्कम देऊ, एक्स्चेंजची अट नाही. पहिल्यासारखंच वेगवान काही हवं असेल, तर तुमच्या पहिल्या भागाच्या आवृत्तीत ‘अनडेड नाइटमेअर’ हा झोंबींचा जोडभाग आधीच आहे. मेन मेनूत बघा, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. परत करायला येताना दोन्ही डिस्क आणि बिल घेऊन या. डेटा डिस्क मशीनमध्ये राहून जाते, ती आठवणीने काढा.