‘अपडेट केले की पुलाचा हिशेब बरोबर’ हा दावा का टिकत नाही

पुलांची संकल्पना करणारे अभियंते, कंत्राटदारांकडील तांत्रिक मंडळी आणि स्थापत्याचे विद्यार्थी यांच्यात सध्या एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा आहे: संरचनेच्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आता इंडियन रोड्स काँग्रेसने, म्हणजे आयआरसीने, ठरवलेले सर्व वाहनभार आधीच भरलेले असतात. त्यामुळे नवी आवृत्ती घेतली की भार आपोआप योग्य जागी बसतात, संहितेतील बदल आपोआप लागू होतात आणि हाताने पडताळणी करण्याचे कारण उरत नाही. जुना पूल नव्या आवृत्तीत तपासून ‘सेफ’ असा निकाल आला की त्याची चिंता मिटते, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरनेही तेच उत्तर दिले तर शंकेला जागाच राहत नाही. यातील प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच ते सहज पटते. परंतु पूल ज्या जागी धोक्यात येतो, नेमक्या त्याच जागी यातील प्रत्येक विधान अपुरे पडते, आणि ते कसे हे एकेक करून पाहणे आवश्यक आहे.

पहिले विधान भार आपोआप बसण्याचे. स्टॅड प्रो, मिडास सिव्हिल किंवा सीएसआयब्रिज यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणित वाहनांची सोय असते हे खरे आहे आणि तिचा उपयोगही मोठा आहे. ७०-आर या आयआरसीच्या जड प्रमाणित चाकी वाहनाचे सात ॲक्सल (चाके जोडणारे आडवे दांडे), त्यांवरचे ८, १२, १२ आणि पुढे चार वेळा १७ असे एकूण १०० टन, आणि पहिल्या ॲक्सलपासून शेवटच्या ॲक्सलपर्यंतचे १३.४ मीटर अंतर हे सारे दर वेळी हाताने भरावे लागले तर कुठेतरी आकडा चुकणारच. पण आयआरसी ६ या पुलांवरील भारांच्या संहितेत वाहनाच्या वर्णनाइतकेच महत्त्व त्याच्या मांडणीला आहे, आणि ही मांडणी सॉफ्टवेअर अभियंत्याने दिलेल्या माहितीवरूनच करते. कॅरेजवेची, म्हणजे वाहनांसाठीच्या रस्त्याची, रुंदी ५.३ मीटर ते ९.६ मीटर असेल तर ७०-आरची एक रांग किंवा क्लास ए या त्याहून हलक्या प्रमाणित वाहनांच्या दोन रांगा धरायच्या असतात, ९.६ मीटरची मर्यादा ओलांडली की ७०-आरच्या सोबतीला क्लास ए ची एक रांग येते, किंवा क्लास ए च्या तीन रांगा येतात. म्हणजे रुंदी ९.५ मीटर लिहिली की ९.७५ मीटर, एवढ्या पाव मीटरच्या फरकाने पुलावर वाहनांची एक आख्खी रांग वाढते किंवा कमी होते. रुंदी कर्बच्या (रस्त्याच्या कडेच्या उंच काठाच्या) आतल्या कडेपासून मोजली की बाहेरच्या, पुढे पदपथ काढून तो भाग वाहनांना खुला होण्याचा संभव आहे की नाही, हे प्रश्न मेनूमध्ये नसतात. ७०-आर वाहन कर्बपासून किमान १.२ मीटर दूर ठेवायचे असते, आणि कडेच्या गर्डरवर (लांबीच्या दिशेच्या तुळईवर) किती भार येतो हे या अंतरावर फार अवलंबून असते.

याहून मोठा मुद्दा अधिकाऱ्याने घ्यायच्या निर्णयांचा आहे. बंदरे, अवजड उद्योग, खाणी यांच्या जवळच्या आणि अवजड वाहनांची वारंवार कोंडी होऊ शकेल अशा इतर ठिकाणच्या पुलांसाठी आयआरसी ६ मध्ये कंजेशन फॅक्टर, म्हणजे कोंडीसाठी भार वाढवणारा गुणक, दिलेला आहे. १० ते ३० मीटरच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या भागाला) तो १.१५ आहे आणि ७० मीटरच्या पुढे १.७० पर्यंत जातो. हा गुणक कोणत्या पुलाला लावायचा हे संबंधित प्राधिकरणाने ठरवायचे आहे. उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील उड्डाणपुलाबद्दल हा प्रश्न कोणालाही सुचेल. पण पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि ट्रक तासन्‌तास एकामागे एक उभे राहतात, आणि त्यांची रांग ज्या लहान पुलावर येऊन थांबते त्या पुलासाठी हा प्रश्न कोण विचारणार? तोच प्रकार ३८५ टनांच्या विशेष वाहनाचा. प्रत्येकी १८ टनांचे २० ॲक्सल असलेला ट्रेलर आणि २५ टनांचा ओढणारा ट्रॅक्टर हे सॉफ्टवेअरच्या यादीत असेलही. परंतु तो मार्ग अशा वाहतुकीचा आहे का, हे ठरवण्यासाठी त्या मार्गावर कोणते कारखाने आणि वीजकेंद्रे आहेत याची माहिती असावी लागते.

दुसरे विधान संहितेतील बदल आपोआप लागू होण्याचे. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली म्हणून आधी तयार केलेल्या फाइलमध्ये निवडलेली संहिता बदलेलच असे नाही; जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडल्यावर तीत संहितेची कोणती आवृत्ती निवडलेली आहे हे पाहणे अभियंत्याकडेच राहते. शिवाय आयआरसीच्या दुरुस्त्या तिच्या ‘इंडियन हायवेज’ या मासिकातून प्रसिद्ध होत असतात, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये येईपर्यंत काही काळ जातोच. याची उलट बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारांत निविदा भरण्याच्या अंतिम तारखेच्या किमान ६० दिवस आधी प्रसिद्ध झालेल्या संहिताच त्या कामाला लागू होतात असे कलम असते. काँक्रीट पुलांची आयआरसी ११२ ही संहिता २०११ मध्ये आली आणि तिची सुधारित आवृत्ती २०२० ची आहे. या दोहोंपैकी कोणती धरायची हे करार सांगतो, सॉफ्टवेअर नाही.

म्हणून काम अर्ध्यावर असताना आवृत्ती बदलणे हा किरकोळ कारभार समजू नये. बदलणे भाग असेल तर विक्रेत्याने प्रसिद्ध केलेली दुरुस्त्यांची यादी आधी वाचावी, ज्याचे उत्तर माहीत आहे असा एखादा गाळा दोन्ही आवृत्त्यांत सोडवून पाहावा, आणि फरक आला तर त्याचे कारण सापडेपर्यंत जुनी आवृत्ती काढू नये. अद्ययावत न करणे योग्य, असे मला मुळीच सुचवायचे नाही. ज्ञात दोष दूर करणारी आवृत्ती न घेणे हाही हलगर्जीपणाच आहे.

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते तरुण अभियंत्यांकडून एक क्षमताच काढून घेते. हाताने पडताळणी म्हणजे संपूर्ण ग्रिलेज (पुलाचे तुळयांच्या जाळीसारखे मॉडेल) कागदावर सोडवणे नव्हे. उत्तर कोणत्या घरात यायला हवे हे आधी माहीत असणे, एवढाच तिचा अर्थ आहे. २० मीटरचा, दोन्ही टोकांना नुसता टेकलेला गाळा आणि त्यावर ७०-आर चाकी वाहन घ्या. वाहनाचा गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलपासून सुमारे ८.२८ मीटरवर येतो, आणि पाचवा ॲक्सल ८.९८ मीटरवर आहे. या दोहोंच्या मध्यबिंदूवर गाळ्याचा मध्य येईल असे वाहन उभे केले की पाचव्या ॲक्सलखाली सुमारे ३३८ टन-मीटर बेंडिंग मोमेंट (गर्डरला वाकवणारा परिणाम) मिळतो. इम्पॅक्ट, म्हणजे चालत्या वाहनाच्या धक्क्यामुळे होणारी वाढ, यात धरलेला नाही. चौथ्या ॲक्सलसाठी हाच हिशेब केला तर ३३७ येतो. हे काम एका पानात होते. आता सर्व गर्डरांवरील मोमेंटची बेरीज सॉफ्टवेअरने २५० किंवा ४५० दाखवली, तर कुठेतरी रांग राहिली आहे, दोनदा धरली आहे किंवा एकक चुकले आहे, हे लगेच कळते.

आता याच वाहनाला सॉफ्टवेअरमध्ये १ मीटरच्या पावलाने पुढे सरकवले तर काय होते ते पाहावे. मोमेंटमध्ये फार तर एखाद्या टन-मीटरचा फरक पडतो, आणि तेवढे पाहून पाऊल पुरेसे बारीक आहे असा समज होतो. परंतु आधारावरची प्रतिक्रिया, म्हणजे आधाराला पेलावा लागणारा भार, वेगळी वागते. शेवटचा ॲक्सल अगदी आधारावर असताना ती ७४.४ टन असते. वाहन १ मीटर आत असेल तर ६९.४ टनांवर येते, आणि शेवटचा ॲक्सल आधाराच्या जराही मागे राहिला तर त्याचे १७ टन गाळ्यावर मोजलेच जात नाहीत. पावलांची सुरुवात दुर्दैवाने अशी पडली की शेवटचा ॲक्सल नेमका आधारावर असण्याची स्थिती सुटली, तर बेअरिंगवरचा (गर्डर ज्यावर टेकतो त्या आधारावरचा) भार जवळजवळ ७ टक्के कमी दिसतो. प्रभावरेषा (भार कोठे असता किती परिणाम होतो हे दाखवणारा आलेख) वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण कमी होते, पण तेथेही गर्डरचे तुकडे किती बारीक पाडले हा प्रश्न राहतोच. हे कोणत्याही आवृत्तीतील दोष नाहीत. अभियंत्याने दिलेल्या पावलाला सॉफ्टवेअरने दिलेले ते अचूक उत्तर आहे.

नॉर्वेतील स्लाइपनर-ए या तेल-वायू मंचाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी गान्सफ्योर्डमध्ये चाचणीच्या वेळी बुडाला, ही घटना याच कारणासाठी अभियांत्रिकीच्या वर्गांत शिकवली जाते. सांत घटक पद्धतीच्या (संरचनेचे लहान तुकड्यांचे जाळे करून हिशेब करण्याच्या) त्या विश्लेषणात एका महत्त्वाच्या जोडावरचे जाळे फार ढोबळ होते, आणि त्यामुळे तेथील कातरताण ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणात तो जोड ६२ मीटर खोलीवर फुटायला हवा होता असे दिसले. प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर फुटला. तो मंच पूल नव्हता, तरी जाळे ढोबळ ठेवण्याची सवय आपल्याकडच्या डेक स्लॅबच्या (वाहने ज्यावरून जातात त्या काँक्रीटच्या थराच्या) मॉडेलमध्येही दिसते.

चौथे विधान जुन्या पुलांचे आहे: नव्या आवृत्तीत ‘सेफ’ आले की पूल सुरक्षित. येथे पहिली गोष्ट ही की सॉफ्टवेअर दाखवलेल्या भागांचीच तपासणी करते. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातला आय-३५ डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळला आणि १३ माणसे मृत्युमुखी पडली. पोलादी ट्रसचे सांधे जोडणाऱ्या काही गसेट प्लेटांची जाडी आवश्यकतेच्या सुमारे निम्मीच होती आणि ही चूक १९६० च्या दशकातल्या मूळ संकल्पनेत झालेली होती, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. मधल्या चाळीस वर्षांत त्या पुलाच्या भारक्षमतेची गणिते झाली होती, पण ती ट्रसच्या दांड्यांची होती. गसेट प्लेट तपासण्याची तेव्हा पद्धतच नव्हती. ती तपासणी पुढे पद्धतीत आणि मग सॉफ्टवेअरमध्ये आली, तीही दुर्घटनेनंतर. कोणतीही आवृत्ती आपल्याला आज माहीत असलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देऊ शकते.

दुसरी गोष्ट अशी की काही पूल वाहनभाराने पडतच नाहीत. महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनेही गेली. ७०-आर वाहन त्याच्या मॉडेलवरून कितीही वेळा चालवले असते, तरी पायाखालची स्थिती आणि पाण्याचा जोर त्या निकालात दिसला नसता. जुन्या पुलाचे मॉडेल करताना काँक्रीटची आजची ताकद, सळईचा गंज, गोठलेली बेअरिंग आणि पायाजवळ झालेली धूप ही माहिती प्रत्यक्ष पाहणीतून आणावी लागते. भारक्षमता ठरवण्याच्या आयआरसी एसपी ३७ या मार्गदर्शिकेचा पायाही पाहणीच आहे.

प्रत्यक्ष वाहतुकीबद्दलही एक नोंद करणे भाग आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने वाहनांच्या ॲक्सलवरील अनुज्ञेय वजन वाढवले; चार टायरच्या एका ॲक्सलसाठी ते १०.२ टनांवरून ११.५ टन आणि टँडम (जवळजवळ असलेल्या दोन) ॲक्सलसाठी १९ टनांवरून २१ टन झाले. ७०-आरचे १७ टनांचे ॲक्सल याहून जड असल्याने नव्या पुलाला यामुळे अडचण नाही. पण हलक्या प्रमाणाच्या भारासाठी बांधलेल्या ग्रामीण रस्त्यांवरच्या पुलांचा आणि पोलादी पुलांच्या फटीगचा (वारंवारच्या भाराने येणाऱ्या थकव्याचा) प्रश्न वेगळा आहे, आणि तो यादीतले वाहन निवडून सुटत नाही. त्यासाठी रस्त्यावर वजनकाटा लावून वाहने मोजावी लागतात.

राहिले शेवटचे विधान, की दोन सॉफ्टवेअरची उत्तरे जुळली म्हणजे शंका मिटली. उत्तरे जुळणे चांगलेच आहे, पण दोन्ही मॉडेलना माहिती एकाच हाताने दिली असेल तर दोन्हीकडे एकच चूक अगदी सुबकपणे जुळते. मायामीतील फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाजवळचा पादचारी पूल १५ मार्च २०१८ रोजी बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि सहा जणांचा जीव गेला. भार आणि क्षमता या दोहोंच्या गणितात संकल्पनाकारांच्या चुका होत्या, आणि स्वतंत्र तपासणी करणाऱ्या संस्थेने बांधकामाच्या टप्प्यांचा आणि सांध्यांचा पुरेसा विचारच केला नव्हता, असे या दुर्घटनेच्या चौकशीत नमूद आहे. तपासणी झाली होती, सही झाली होती, तडेही अनेकांनी पाहिले होते.

आपल्याकडे मोठ्या पुलांसाठी प्रूफ चेकिंग सल्लागार, म्हणजे संकल्पना स्वतंत्रपणे तपासणारे, नेमतात. त्यांना संकल्पनाकाराच्या मॉडेलची फाइल पाठवून ‘रन करून पाहा’ असे सांगण्याची प्रथा बंद व्हायला हवी. त्यांना नकाशे, भूस्तराचा अहवाल आणि कराराची परिशिष्टे द्यावीत, मॉडेल त्यांनी स्वतः उभे करावे, आणि संकल्पनेच्या अहवालात सॉफ्टवेअरचा आवृत्ती-क्रमांक, निवडलेली संहिता, कॅरेजवेची रुंदी कोठून कोठपर्यंत मोजली, रांगांची मांडणी, वाहन सरकवण्याचे पाऊल आणि किमान एका गाळ्याचा हाताने केलेला हिशेब ही माहिती पहिल्या काही पानांतच दिलेली असावी.