करडाला गुळाचं पाणी पाजू नका

उमरेडकडच्या आत्याचा परवा पहाटे फोन आला. शेळी पंधरा दिवस आधीच व्याली, करडू निपचित पडलेलं. "रातभर गूळपाणी पाजून राहिली ना रे बापू, मोबाइलवर आलं होतं." तो मेसेज मी मागवून वाचला. म्हणे कच्च्या दिवसांच्या पिलात आईची साखर भरलेली असते, चीक त्याला पचत नाही, हगवण लागते. म्हणून पहिला दिवस फक्त गुळाचं पाणी द्या आणि शेकोटीजवळ ठेवा.

घात गुळातच आहे. गूळ म्हणजे मुख्यतः उसाची साखर. ती फोडणारं सुक्रेज हे एन्झाइम नवजात करडाच्या, कोकराच्या, वासराच्या आतड्यात नसतंच. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज मात्र भरपूर असतं. त्यामुळे गूळ रक्तात पोचत नाही, आतड्यात पडून पाणी ओढतो आणि पिलाला हगवतो. त्या हगवणीचं खापर चिकावर फोडता? उपाशी पिलाला रात्रभर आणखी उपाशी ठेवायचा हा सल्ला आहे!

आईच्या साखरेची गोष्ट अर्धी खरी आहे, तेवढं कबूल. पोटात असताना पिलाच्या यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, साठतं, आणि दिवस भरलेलं करडू त्यावर काही तास काढतं. पण शेळीचे दिवस सुमारे 150, आणि हा साठा भरतो तो शेवटी शेवटी. त्याच सुमारास पिलाच्या अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि त्याने यकृतातली साखर तयार करणारी, रक्तात सोडणारी एन्झाइमं कामाला लागतात. आधी जन्मलेल्याचा साठाही तोकडा आणि ही यंत्रणाही कच्ची. नाळ तुटली की आईकडून येणारं ग्लुकोज त्याच क्षणी बंद.

शेकोटीचं तर नीट ऐका. स्कॉटलंडच्या मोरडन संस्थेने कोकरांवर केलेल्या कामातून आलेला नियम आजही पाळतात: पाच तासांहून मोठं पिल्लू 37 अंशांखाली गार पडलं असेल, तर आधी ग्लुकोज, मग ऊब. नुसतं शेकलं की शरीराचा खर्च वाढतो, रक्तात साखर नसते, आणि पिल्लू झटके येऊन जातं. हे ग्लुकोज पोटात टोचून देतात, ते काम पशुवैद्यकाचंच.

चीक पहिल्या काही तासांतच हवा. शेळीची प्रतिकारशक्ती नाळेतून पिलाला मिळत नाही, ती चिकातूनच येते.

आत्याकडे डॉक्टर आठला पोचले. ग्लुकोज दिलं, अंग गरम केलं, मान धरायला लागल्यावर नळीने चीक. संध्याकाळी करडू पायावर उभं होतं. मेसेज पाठवणाऱ्या शेजारणीला आत्याने स्वतः बोलावून दाखवलं.