बर्फावरचे खेळाडू चरबीवर धावत नाहीत

‘बर्फाळ देशांतले खेळाडू थंडीमुळेच दिवसाला आठ हजार कॅलरी जाळतात, म्हणून ते पिठूळ पदार्थ टाळून लोणी-चरबीवर राहतात; घाम येत नसल्याने त्यांना पाणी फारसे लागत नाही आणि अंगाने जितके वाळके तितके ते वेगवान,’ असा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यातला आकडा खोटा नाही, पण त्यामागे जोडलेली कारणमीमांसा टिकत नाही.

आधी आकड्याचे पाहू. स्वीडनच्या अव्वल क्रॉस-कंट्री स्कीपटूंचा, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून आणि काठ्यांनी रेटत बर्फावरून लांबचे अंतर कापणाऱ्या खेळाडूंचा, ऊर्जाव्यय सराव शिबिरात मोजला गेला, त्याचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषांचा खर्च दिवसाला साधारण 6,000 ते 8,300 किलोकॅलरी आणि स्त्रियांचा 3,600 ते 4,800 भरला. हा खर्च थंडीचा नव्हे, हातपाय एकाच वेळी राबवत तासन् तास चढ चढण्याचा आहे. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग कामी लावतात, उरलेल्याची उष्णता होते. म्हणूनच हा खेळाडू पातळ, अंगालगतच्या पोशाखातही कुडकुडत नाही.

चरबीचा मुद्दा अधिक फसवा आहे, कारण तो अर्धवट खरा आहे. संथ सरावात शरीर चरबी वापरतेच. स्पर्धेच्या वेगाला मात्र ती पुरेशा झपाट्याने ऊर्जा पुरवू शकत नाही. तिथे पिठूळ-गोड पदार्थांतल्या कर्बोदकांपासून बनून स्नायूंत आणि यकृतात साठलेले ग्लायकोजेन लागते आणि हा साठा जेमतेम 400-500 ग्रॅमचा, म्हणजे दोन हजार किलोकॅलरींच्या आसपासचा असतो. शिवाय स्कीइंगमध्ये काठ्यांनी रेटा देणाऱ्या दंडांचे ग्लायकोजेन लवकर उतरते. स्वीडनमधली सेलेन ते मोरा ही 90 किलोमीटरची ‘वासालोपेत’ शर्यत 1922 पासून होते. तिच्या वाटेवर स्वयंसेवक खेळाडूंपुढे जो कागदी पेला धरतात, त्यात असते ते साखर आणि बटाट्याच्या पिठाने दाटवलेले, पेजेसारखे ऊन-ऊन ब्लूबेरीचे सूप. लांब शर्यतीत तासाला 30 ते 60 ग्रॅम, आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजचे मिश्रण पचवण्याची सवय असल्यास 90 ग्रॅमपर्यंत कर्बोदके घेतात, ती याच कारणाने.

स्निग्ध शिधा शोभतो तो ध्रुवीय पायपिटीला, कारण तिथे सगळे अन्न स्लेजवरून ओढावे लागते आणि कमी वजनात जास्त ऊर्जा हवी असते. 1992-93 मध्ये अंटार्क्टिका पायी ओलांडताना रॅनल्फ फाइन्स आणि माइक स्ट्राउड असाच शिधा खात होते. तरीही दोघांचे वजन वीस किलोंहून अधिक घटले. शर्यतीचा नमुना म्हणून ती मोहीम पुढे करणे म्हणजे बैलगाडीचा हिशेब घोड्याला लावणे होय.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल: थंडीत तहान मंदावते, लघवी वाढते आणि कोरड्या हवेत धापा टाकताना श्वासावाटेही पाणी जाते. घामही येतोच, फक्त तो कपड्यांत जिरल्याने लक्षात येत नाही.

वाळकेपणाचे कौतुक सर्वांत घातक आहे. व्ययाच्या मानाने खाणे सतत कमी पडले, तर पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, आजारपण आणि दुखापती वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले, आणि ती पुरुषांनाही गाठते हे तेव्हाच स्पष्ट केले. नॉर्वेत तर 2019 च्या हंगामात स्की महासंघाने आरोग्य प्रमाणपत्र न दिल्यामुळे एका ऑलिंपिक सुवर्णविजेत्या स्कीपटूला सुरुवातीच्या शर्यतींपासून दूर राहावे लागले होते.