सरकीचं तेल चोळलं म्हणून रोहू तळ्यात अंडी घालत नाही

चोपड्याकडे शेततळं असलेल्या माझ्या भाच्याने एक मेसेज पाठवला, खाली प्रश्न: "मामा, आणू का तेल?" मेसेजमध्ये लिहिलंय की किलोभर खाद्याला पाव लिटर घाणीचं कच्चं सरकीचं तेल चोळा, रोहू-कटला दुप्पट वाढतात, मादी तळ्यातच अंडी घालते, बीज (माशांची पिल्लं) विकत घ्यायला नको, थोडं तेल पाण्यावर सोडा, रोग येत नाही, माशाचं तेल म्हणजे कंपन्यांचं थोतांड.

आधी अंड्यांचं, कारण यावर विसंबून कुणी बीज घेतलं नाही तर त्याचं अख्खं वर्ष जाईल. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. पुराचं वाहतं पाणी मिळालं तरच अंडी सोडतात. साचलेल्या तळ्यात मादीचं पोट अंड्यांनी भरतं, पण बाहेर काही पडत नाही, कारण त्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून संप्रेरक (हार्मोन) सुटावं लागतं. १० जुलै १९५७ रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगुलला पिट्युटरीचा अर्क टोचून हे घडवून आणलं. आजही हॅचऱ्या (मत्स्यबीज केंद्रं) संप्रेरकाच्या इंजेक्शनवरच चालतात. तेलाने भागत असतं तर इंजेक्शनं कुणी मारली असती?

बरं, खाद्यातली स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड्स, ओमेगा-३ आणि ओमेगा-६ ही त्यातलीच) अंड्याच्या बलकात उतरतात, हे खरं. भुवनेश्वरच्या 'सीफा' या मत्स्यसंशोधन संस्थेने प्रजनक माशांसाठी 'सीफाब्रूड' हे वेगळं खाद्य काढलंय ते उगाच नाही. पण सरकीच्या तेलात निम्मं ओमेगा-६, आणि ओमेगा-३ जवळपास शून्य. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या २०११ च्या पुस्तकात माशांच्या पोषणगरजा दिल्यात. सायप्रिनसला (कॉमन कार्प, रोहू-कटल्याच्याच कुळातला मासा) खाद्याच्या साधारण १ टक्का लिनोलिक (ओमेगा-६) आणि अर्धा ते १ टक्का लिनोलेनिक (ओमेगा-३) आम्ल पुरतं. मेसेजवाला वीस टक्क्यांच्या आसपास तेल ओतायला सांगतोय! ऊर्जेची गरज तेलानेच भागली की मासा खाणं कमी करतो, प्रथिनं पोटात जात नाहीत. असा मासा चिरून बघा. आतड्याभोवती पांढऱ्या चरबीचे गोळे, काळीज (यकृत) फिकट पिवळं. वजन भरतं ते चरबीचं.

आणि तेल कुठलं, तर कच्चं. त्यात गॉसिपॉल हे सरकीतलं विषारी द्रव्य असतं. प्राण्यांमध्ये नराची प्रजननशक्ती घटवणारं म्हणूनच ते ओळखलं जातं. रिफाइंडमध्ये ते बहुतेक निघून जातं, पण मेसेजला कच्चंच हवंय. वर आपल्याकडचा मे महिना, पत्र्याची शेड, उघडा डबा. तेल खवट व्हायला कितीसा वेळ लागतो? जपानमध्ये रेशीमकिड्यांचे खवट कोषकिडे खाऊन कार्प माशांच्या पाठीचं मांस झडायचं. त्या रोगाला तिकडे सेकोके म्हणतात.

माशाच्या तेलाबद्दल एवढं मान्य की रोहू-कटल्याला समुद्री माशांसारखं ते लागतंच असं नाही. लिनोलेनिक आम्लापासून पुढची, माशाच्या तेलात असतात तशी ओमेगा-३ आम्लं ते बऱ्यापैकी स्वतः बनवतात. पण ते आम्ल जवसात भरपूर असतं, सरकीत नाही.

राहिलं पाण्यावर तेल सोडणं. नर्सरी तळ्यात स्पॉन (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) सोडण्याआधी हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबणाचं मिश्रण फवारतात, ते किडे मारायला. हवा घ्यायला वर येणारे किडे तवंगाखाली गुदमरतात. तोच तवंग मासे असलेल्या तळ्यावर पसरला की हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरणं अडतं. भाच्याच्या तळ्यावर तर एरेटरही (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नाही.