एवढं करतोच आहोत तर...

गेम चालतील असा, घरातल्या सगळ्यांना वापरता येईल असा आणि आपल्याला परवडेल असा कॉम्प्युटर सुटे भाग आणून घरीच जोडू, असं मी एका बेसावध क्षणी म्हणून गेलो. तिन्ही ‘असा’ एका वाक्यात बसले, म्हणजे एका कॅबिनेटमध्येही बसतील अशी माझी समजूत होती.

बजेट ठरलं. बायकोने आकडा कागदावर लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि कागद कपाटाला चिकटवला.

“दोन रेघा कशाला?”

“एक तर तू ओलांडणारच आहेस.”

सुरुवात प्रोसेसरपासून केली. राइझन ५ ५६००. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉट. अगदी गरीब गाय. पाच मिनिटांत निवड झाली म्हणून स्वतःची पाठ थोपटतोय, तोवर कळलं की हा बसतो एएम४ सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या बैठकीवर, आणि ते सॉकेट २०१७ मधल्या पहिल्या राइझनपासून चालत आलेलं. म्हटलं, एवढं करतोच आहोत तर २०२२ मध्ये आलेलं एएम५ घेऊ. झालं! सॉकेट बदललं म्हणून प्रोसेसर बदलला, मदरबोर्ड बदलला, आणि एएम५ला डीडीआर५च लागते म्हणून रॅमही बदलली. पहिली रेघ गेली.

“पण पुढेमागे नुसता प्रोसेसर बदलता येईल,” मी म्हणालो.

बायकोने दाराशी पडलेल्या माझ्या चपलांकडे पाहिलं. त्यांचा पट्टा तीनदा शिवलाय. “तू? बदलणार?”

दुसऱ्या दिवशी मी निमूट एएम४वर परतलो.

रॅमवरून फार वाद झाला नाही. धाकट्याला लाइटवाली हवी होती, कारण लाइट असले की एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात असं त्याच्या वर्गात सिद्ध झालं होतं. थोरलीने एवढंच सांगितलं, की १६ जीबीची एक पट्टी नको, ८च्या दोन घेऊ, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळेल, दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण होईल. आणि चार स्लॉट असले तर त्या दुसऱ्या नि चौथ्यात लावायच्या. परीक्षेच्या हॉलसारखं, मध्ये एक जागा सोडून. हे हिला कुणी शिकवलं ते विचारायचं मी टाळलं. गेले आठ दिवस मीही तेच वाचत होतो आणि मला ते आत्ता समजलं होतं.

खरी साडेसाती ग्राफिक्स कार्डाची. एक तर नावं. आरटीएक्स ३०६० म्हणून एक कार्ड आहे, त्यात मेमरी १२ जीबी. आरटीएक्स ३०६० म्हणूनच दुसरं आहे, त्यात ८. आणि त्या मेमरीकडे जाणारा रस्ताही १९२ बिटचा १२८वर आलेला. नाव तेच. बरं, कुठलंही कार्ड पसंत करा, जाणकार मंडळी म्हणणार, “छान आहे, पण किंचित वाढवलंत तर त्याच्या वरचं येतं.” असं किंचित-किंचित करत मी सहा पायऱ्या चढलो. तिथून खाली पाहिलं तर सगळं बजेट त्या एका कार्डात गेलेलं, आणि ते लावायला कॉम्प्युटरच नव्हता. शिवाय त्याची लांबी कॅबिनेटपेक्षा जास्त. उतरलो.

उतरूनही हिशेब जास्तच निघत होता. काय कापायचं यावर घर बसलं आणि सगळ्यांचं बोट एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीतली वीज सगळ्या भागांना पुरवणाऱ्या डब्यावर गेलं.

“या डब्याने गेम वाढतात का?”

“नाही.”

“दिसतो का?”

“नाही. खाली झाकणाआड असतो.”

“मग कुठला तरी घे.”

इथे मात्र मी पहिल्यांदाच हटलो नाही. प्रोसेसर हलका घेतला तर गेम हलका चालतो. हा डबा भिकार निघाला तर जाताना शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. ‘८० प्लस ब्रॉन्झ’चा बिल्ला काय असतो, तेही समजावलं. निम्म्या लोडवर भिंतीतून १०० वॉट ओढले, तर निदान ८५ कामाला लागतात, बाकीचे उष्णतेत जातात. (बिल्ला कार्यक्षमतेचा आहे, चारित्र्याचा नव्हे, ते वेगळं तपासावं लागतं.) इतका वेळ गप्प असलेली आई म्हणाली, “शंभर वेळा सांगितल्यावर पंच्याऐंशी वेळा ऐकणारं या घरात दुसरं कोण आहे? तो डबा घ्याच.”

ठराव मंजूर. दुसरी रेघ तिथेच गेली.

मॉनिटर फोरके नको हे मी गणिताने पटवलं. १०८०पीचे पिक्सेल २०,७३,६००, फोरकेचे ८२,९४,४००. चौपट ओझं, आणि गाय तीच. पण एवढं करतोच आहोत तर निदान १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा हवा, यावर मी अडून बसलो. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद डोळ्यांसमोर राहतं, १४४ला ६.९. हा फरक ज्याला कळतो त्यालाच कळतो, असंही म्हणालो.

जोडणी एका रविवारात आटोपली. पंखे फिरले, लाइट लागले, पडदा काळा. दोन तास मी रॅम काढून लावतोय, कार्ड काढून लावतोय. शेवटी टेबलाखाली लोळणाऱ्या धाकट्याला दिसलं, की मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डात खोचलीये. ५६००च्या पोटात स्वतःचे ग्राफिक्स नसतात, हे वाक्य मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

पुढचे तीन आठवडे येईल त्याला मी पडद्यासमोर बसवत होतो. माउस गोल-गोल फिरवून म्हणत होतो, “बघा, लोण्यासारखं सरकतं. हे १४४ हर्ट्झ.” काल थोरलीने कशासाठी तरी डिस्प्लेची सेटिंग उघडली आणि थबकली. तिथे ६० होते. पहिल्या दिवसापासून.

काही न बोलता तिने यादीतून १४४ निवडलं आणि माउस माझ्या हातात दिला. “आता बघ, बाबा. कळतोय फरक?”

मी माउस गोल फिरवला. “कळतोय म्हणजे काय! केवढा फरक आहे!”

“अजून अप्लाय दाबलं नाहीये.”