‘हायलँडर’चे संगीत: खिचडी की सांगड? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘हायलँडर’ (१९८६) या अमर योद्ध्यांच्या कथेवरील चित्रपटाच्या संगीतावरील माझ्या लेखावर आपण इतकी सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. स्कॉटिश पाइप, सिम्फनी वाद्यवृंद आणि क्वीन या बँडचे रॉक संगीत यांची सांगड या चित्रपटात जशी अर्थपूर्ण बसली आहे तशी ती कल्पनारम्य चित्रपटांत क्वचितच बसते, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की ही सांगड नव्हे, निव्वळ खिचडी आहे. केल्टिक, म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडच्या परंपरेचा, रंग केवळ तोंडी लावण्यापुरता आहे. लंडनच्या रॉक बँडचा हायलँड्सशी, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाशी, काडीचाही संबंध नसताना त्यांची गाणी अल्बम खपवण्यासाठी वरून चिकटवली आहेत. आणि अस्सल स्कॉटिश सूर ऐकायचा असेल तर ‘ब्रेव्हहार्ट’कडे वळावे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चर्चेची किल्ली तिथे आहे. ‘ब्रेव्हहार्ट’साठी (१९९५) जेम्स हॉर्नर यांनी रचलेले संगीत मलाही अतिशय प्रिय आहे, परंतु त्यात मनाला चटका लावणारा जो पाइपचा आवाज आपण ऐकतो तो बहुतांशी स्कॉटलंडच्या बॅगपाइपचा नाही. ते आयर्लंडचे इलियन पाइप आहेत. वादक बसून, कोपराखालच्या भात्याने हवा भरत ते वाजवतो. त्यांचा आवाज मृदू असतो, पल्ला दोन सप्तकांचा असतो आणि व्हायोलिनच्या ताफ्यात ते सहज मिसळून जातात. हॉर्नर यांनी ते निवडले यात संगीतकार म्हणून काहीच वावगे नाही. मात्र अस्सलपणाची मोजपट्टी लावायचीच ठरवली, तर ती आपल्या आवडत्या चित्रपटालाही लावावी लागेल आणि मग पहिला बळी त्याचाच जाईल.

स्कॉटिश हायलँड बॅगपाइप हे मुळात आडमुठे वाद्य आहे. त्याच्या चँटरवर, म्हणजे बोटांनी वाजवायच्या नळीवर, अवघे नऊ स्वर निघतात. आवाज लहान-मोठा करता येत नाही, मध्ये श्वासापुरतेही थांबता येत नाही, आणि एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा चटकदार कण टाकूनच तो तोडावा लागतो. मागे ड्रोन नावाच्या तीन नळ्या एकच आधारस्वर अखंड धरून असतात. त्या आधारस्वराला षड्ज मानले तर चँटरवरचा निषाद कोमल येतो, म्हणजे स्वरांची मांडणी आपल्या खमाज थाटाच्या अगदी जवळ जाते. गांधार ड्रोनशी जुळवून लावलेला असल्यामुळे पियानोच्या गांधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो. भरीला असे, की पाइपवादक ज्याला ‘ए’ म्हणतो तो स्वर प्रत्यक्षात वाद्यवृंदाच्या ‘बी फ्लॅट’च्या आसपास, बहुधा त्याच्याही थोडा वर वाजतो. असे वाद्य शंभर वादकांच्या ताफ्यात बसवायचे म्हणजे ताफ्यानेच त्याच्यापुढे मान तुकवायची.

गंमत अशी की या वाद्याचे रॉकशी उत्तम जमते. रॉक गिटारवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम, चढवले की स्वर लांबतो आणि बराच वेळ सपाट ताकदीने वाजत राहतो. गांधार घातला तर आवाज गढूळ होतो, म्हणून वादक पॉवर कॉर्डमध्ये केवळ षड्ज आणि पंचम ठेवतात. परिणामी ज्या गांधारावरून पाइप आणि वाद्यवृंद यांचे बिनसते, तो भांडणाचा स्वर गिटारने आधीच गाळलेला असतो, आणि षड्ज-पंचमाच्या अखंड आधारावर मोजक्या स्वरांत फिरणारी चाल ही तर तंबोऱ्यावर कान घडलेल्या आपल्यासारख्या श्रोत्याला परकी वाटण्याचे कारणच नाही. एसी/डीसी या रॉक बँडने १९७५ सालीच बॅगपाइप आणि गिटार यांची जुगलबंदी तबकडीवर आणली होती. १९८३ साली बिग कंट्री या स्कॉटिश बँडने गिटारमधूनच पाइपचा आभास काढून दाखवला. तेव्हा क्वीनच्या अल्बमवरील ‘गिमी द प्राइझ’ या गाण्यात बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांची गिटार मधेच पाइपसारखी बोलू लागते, तो मला चाळा वाटत नाही, दोन्ही वाद्यांच्या स्वभावातले साम्य तिथे नेमके पकडले आहे.

आता खिचडीचा मुद्दा. तिन्ही संगीते सतत एकत्र वाजत नाहीत, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. फक्त मी त्याला दोष मानत नाही. हा चित्रपट दोन काळांत उभा आहे: १५३६ सालचे हायलँड्स आणि १९८५ सालचे न्यूयॉर्क. दिग्दर्शक रसेल मल्केही म्युझिक व्हिडिओंच्या दुनियेतून आलेले असल्यामुळे एका काळातून दुसऱ्यात जाताना ते कॅमेराच उचलून नेतात. वाहनतळाच्या छतातून कॅमेरा वर चढतो तो थेट स्कॉटलंडमध्ये निघतो. माशांच्या काचपेटीतले पाणी पाहता पाहता सरोवर होते. संगीताची वाटणी याच धर्तीवर आहे. क्वीनचे ‘प्रिन्सेस ऑफ द युनिव्हर्स’ नामावलीवर गरजते ते अमर योद्ध्यांच्या गुर्मीचे गाणे म्हणून. चित्रपटाचा अमर नायक कॉनर याच्या मॅक्लाउड कुळाचे लोक लढाईला निघतात तेव्हा पाइप लागतात, म्हणजे ते कुळाचे, मर्त्य माणसांच्या घोळक्याचे वाद्य ठरते. आणि पार्श्वसंगीतकार मायकेल कामेन यांचा वाद्यवृंद दोन काळांच्या मधली ये-जा सांभाळतो. कॉनर मेलेला परत उठला म्हणून कुळ त्याला हाकलून देते आणि त्यानंतर पाइपही मागे सरतात. हे माझे वाचन आहे, पण चित्रपट पुन्हा पाहताना ते आपण ताडून पाहावे, अशी विनंती आहे.

कामेन यांच्याविषयी चार शब्द इथेच, कारण आपण त्यांना ‘नाइलाजाने रॉकशी जुळवून घेणारा सिम्फनीवाला’ म्हटले आहे. वस्तुस्थिती उलट आहे. ज्युलियार्ड या न्यूयॉर्कच्या संगीतविद्यालयात ओबो हे फुंकून वाजवायचे वाद्य शिकलेल्या या गृहस्थाने साठच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क रॉक अँड रोल आँसाँब्ल नावाचा, रॉक आणि अभिजात संगीत एकत्र वाजवणारा बँड स्थापन केला होता, पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’मधल्या वाद्यवृंदाच्या रचनांवर त्यांचा हात होता, आणि पुढे १९९९ साली मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या मागे सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी उभी करणारेही तेच. दोन्ही घरचे पाणी प्यालेला याहून योग्य माणूस या कामासाठी सापडला नसता.

याची खरी प्रचिती कॉनरची पत्नी हेदर हिच्या प्रसंगात येते. कॉनर तिच्यासोबत डोंगरात राहतो. ती म्हातारी होत जाते, तो तसाच राहतो. अखेर ती त्याच्या मांडीवर मरते आणि तो तिला पुरतो. चित्रपटातील सर्वांत स्कॉटिश प्रसंग हाच, आणि इथे वाजते ते मात्र ब्रायन मे यांचे ‘हू वाँट्स टु लिव्ह फॉरएव्हर’. चित्रपटाचा कच्चा भाग पाहून घरी परतताना मोटारीतच त्यांना हे गाणे सुचले होते. सुरुवातीला बारीक आवाज, खाली लांबवलेले स्वर. ड्रम बराच वेळ येतच नाहीत. मग तारवाद्ये वर चढतात आणि गिटार त्यांच्यावर आरूढ न होता त्यांच्यातूनच फुटते. वाद्यवृंद आणि रॉक यांच्यातला सांधा इथे मला तरी दाखवता येत नाही. शिवाय कामेन यांनी ही चाल गाण्यापुरती न ठेवता पार्श्वसंगीतातही विणली. पुढे १९९५ साली निघालेल्या सीडीवर त्यांच्या एका तुकड्याच्या शीर्षकात या गाण्याचे नाव रेचेलच्या नावाला जोडूनच आले आहे. रेचेल म्हणजे महायुद्धात कॉनरने वाचवलेली लहान मुलगी, जी आता त्याच्याहून वयस्क दिसते. वरून चिकटवलेले गाणे पार्श्वसंगीतात असे मुरत नाही.

अल्बम खपवण्याचा हेतू मुळीच नव्हता, असे मी म्हणणार नाही. ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ हा क्वीनचा अल्बम जून १९८६ मध्ये आला आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, तर कामेन यांच्या संगीताचा स्वतंत्र अल्बम त्या वेळी निघालाच नाही. हा अन्याय आहे आणि त्याबाबत मी आपल्या बाजूने आहे. बारमधल्या प्रसंगातील सॅक्सोफोनवाले ‘वन इयर ऑफ लव्ह’ही मला उपरे वाटते, ते त्या काळच्या कोणत्याही चित्रपटात खपून गेले असते.

राहता राहिला हायलँड्सशी संबंधाचा प्रश्न. तो कोणाकोणाला विचारायचा? दिग्दर्शक ऑस्ट्रेलियन, हायलँडर झालेला क्रिस्तोफर लॅम्बर्ट फ्रेंच वळणाचे इंग्रजी बोलतो, आणि साऱ्या ताफ्यातला पक्का एडिनबराचा शॉन कॉनरी मात्र इजिप्तमध्ये जन्मलेला स्पॅनिश सरदार रंगवतो. क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी झांझिबारमध्ये जन्मलेले पारशी, शिकले आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, आणि पियानो वाजवत पहिला बँड त्यांनी काढला तोही तिथेच. एका जन्मात तीन खंड बघितलेल्या माणसाने घरातून हाकलल्या गेलेल्या योद्ध्यासाठी गावे, यात मला विसंगती दिसत नाही.

केल्टिक अंग आणखी ठळक हवे होते, ही आपली अपेक्षा या मालिकेतच तिसऱ्या चित्रपटात (१९९४) काही अंशी पुरी झाली आहे. तिथे कॅनडाच्या लोरीना मकेनिट यांच्या आवाजात ‘बॉनी पोर्टमोर’ हे तोडल्या गेलेल्या ओक वृक्षाचे आयरिश लोकगीत येते. तो चित्रपट सुमार आहे, गाणे मात्र जरूर ऐकावे. आणि हेदरच्या प्रसंगातले गाणे अल्बमवर ऐकून आपण मत बनवले असेल, तर ते एकदा चित्रपटात ऐका: अल्बमवर पहिले कडवे ब्रायन मे गातात, चित्रपटात सबंध गाणे फ्रेडी यांच्या आवाजात आहे.

आपला,
लेखक