फोन खाली घ्या, इथे लोकं नाचतायत

शनिवारी रात्री क्लबमध्ये नाचायला गेले होते, तेव्हापासून डोकं तापलंय आणि तीन दिवस झाले तरी शांत व्हायचं नाव नाही, म्हणून लिहितेय.

साडेबाराच्या सुमारास एक ट्रॅक लागला. नाव माहीत नाही, पण अस्सल डीप हाऊस (हाऊस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा जरा संथ, खोल प्रकार), मिनिटाला १२२ ठोक्यांच्या आसपासचा टेम्पो, खाली जाडजूड बास आणि वर ऑर्गनचे दोनच कॉर्ड, फिरून फिरून तेच. असला ट्रॅक पहिल्या मिनिटाला तुमच्या हातात काही देत नाही, तो अंगात भिनायला वेळ लागतो, मग कधीतरी हाय-हॅट, म्हणजे ड्रमची ती झांज, उघडतो आणि लक्षात येतं की आपले पाय मघापासून आपल्याला न विचारताच चाललेत. त्यासाठीच तर मी जाते, आठवडाभर त्या एका क्षणाची वाट बघते!! आणि तो हाय-हॅट उघडायला आणि माझ्या पुढच्या माणसाने दोन्ही हात वर करून फोन धरायला एकच गाठ. मग त्याच्या शेजारच्याने धरला, मग त्याच्या शेजारच्याने. समोर नुसत्या स्क्रीनच स्क्रीन आणि प्रत्येकात तोच डीजे, छोटा छोटा. आणि कोणी हलतसुद्धा नव्हतं, कारण हललं की व्हिडिओ हलतो ना.

अर्ध्या मिनिटात ड्रॉप, म्हणजे बीट एकदम जोरात येतो तो क्षण, आला नाही म्हणून सगळे फोन खाली, तोंडं वाकडी. डीजेने मान वर करून बघितलं, समोर पुतळे उभे, घाबरला बिचारा आणि तो सुंदर ट्रॅक मधेच मारून टाकला आणि लावलं कुठलंतरी सगळ्यांना पाठ असलेलं गाणं. परत फोन वर.

मला एक सांगा, डीजेकडे तोंड करून उभं राहायचं कशाला? तो गातोय का, नाटक करतोय का? तो खाली बघून पुढची रेकॉर्ड शोधतोय!! डान्स फ्लोअर म्हणजे स्टेजसमोरची जागा नाही, तिथे माणसं एकमेकांच्या मधे नाचतात, डीजे फ्लोअरकडे बघतो आणि त्यावरून पुढचं ठरवतो. फ्लोअरने काही सांगितलंच नाही तर तो वाजवणार काय?

हे संगीत आलंय कुठून हे तरी माहीत करून घ्या. शिकागोत १९७७ मध्ये वेअरहाऊस नावाचा क्लब सुरू झाला, तिथे फ्रँकी नकल्स नावाचा डीजे वाजवायचा, हाऊस हे नाव त्या क्लबवरूनच पडलं. नाचायला येणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो, त्यातही बरेचसे गे, ज्यांना बाहेर मोकळेपणाने वावरताच येत नव्हतं. त्याच शहरात १२ जुलै १९७९ ला बेसबॉलच्या स्टेडियममध्ये डिस्कोच्या, म्हणजे हाऊस ज्यातून निघालं त्या संगीताच्या, रेकॉर्ड्सची पेटी द्वेषाने स्फोट करून उडवली आणि हजारो लोकं मैदानात घुसली. बाहेर हे असं वातावरण असताना आत एका अंधाऱ्या खोलीत ही माणसं सकाळपर्यंत नाचत होती. तो अंधार काय सजावट म्हणून नव्हता हो, कोणी बघत नाहीये म्हणून माणूस मोकळा व्हायचा. आणि आपण त्याच खोलीत फ्लॅश मारतो. लाज वाटायला पाहिजे.

बर्लिनच्या बेर्गहाइन क्लबमध्ये दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. एवढंसं स्टिकर, काय खर्च येतो त्याला? पण बऱ्याच क्लबवाल्यांना ते नकोच असतं, कारण तुमचे व्हिडिओ म्हणजे त्यांची फुकटची जाहिरात. माझा एक मित्र बारा वर्षं वाजवतोय, घरातली एक अख्खी भिंत रेकॉर्ड्सने भरलीय, रिकाम्या फ्लोअरवरही हळूहळू रात्र चढवत नेणारा माणूस आहे तो. मध्यंतरी एका ठिकाणी विचारायला गेला तर सेट ऐकवायच्या आधीच पहिला प्रश्न, फॉलोअर्स किती? पुढे काही ऐकलंच नाही त्यांनी. तळपायाची आग मस्तकात गेली माझी ते ऐकून.

आणि ज्याला घेतात त्याला देतात किती, तर एक तास! एक ट्रॅक सात-सात आठ-आठ मिनिटांचा असतो, तासाभरात नीट वाजवले तर आठ-दहा होतील, त्यात कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं? मग प्रत्येकजण पहिल्या मिनिटापासून सगळं फेकत सुटतो. मुख्य डीजेच्या आधी वाजवणारा वॉर्म-अपवालासुद्धा. दहा वाजता, लोकं अजून कोट काढून ठेवतायत आणि हा १३० वर हाणतोय, मग मुख्य डीजेने येऊन करायचं काय? पूर्वी रेसिडेंट डीजे असायचे, एकच माणूस, एकच क्लब, वर्षानुवर्षं, त्याला आपलं फ्लोअर घरच्या माणसासारखं माहीत असायचं. न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराज क्लबमध्ये लॅरी लेव्हान अख्खी अख्खी रात्र वाजवायचा, आणि तिथे दारूसुद्धा विकत नव्हते, तरी लोकं सकाळपर्यंत जात नव्हती.

दोन ट्रॅकचे बीट आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही, त्यावरून भांडणारे वेगळेच. डेव्हिड मँक्युसो तर न्यूयॉर्कमधल्या द लॉफ्ट या आपल्या पार्टीत पुढे पुढे एका ट्रॅकमध्ये दुसरा मिक्ससुद्धा करायचा नाही, रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू द्यायचा आणि लोकं थांबून टाळ्या वाजवायची. कुठला ट्रॅक कधी लावायचा आणि त्याला किती वेळ द्यायचा हे कळलं पाहिजे. बीट मशीनने जुळवले की हाताने, मला काय फरक पडतो?

मिक्सरवरचे, आवाज किती चढलाय ते दाखवणारे दिवे मात्र बघा जरा. शनिवारी त्या डीजेचे दिवे पूर्ण वेळ लालच्या लाल, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर, होते, हिरव्यात एकदाही आले नाहीत. बास फाटलेला, वरचे आवाज कानात टोचतायत, आणि साउंडवाला बाजूला उभा राहून फोनमध्ये घुसलेला. एवढी मोठी सिस्टीम लावून तिची पार वाट लावायची!

पण माझं डोकं खरं फिरलं ते शेवटी. दोननंतर मी कंटाळून मागे गेले, स्पीकरच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथे जरा अंधार होता. तिथे एक बाई एकटीच नाचत होती, वय असेल पन्नाशीच्या आसपास, डोळे मिटलेले, खांदे सैल, हात फार हलत नव्हते पण पाय इतके सुरेख चालत होते की मी नुसती तिच्या शेजारी जाऊन नाचायला लागले आणि सगळी रात्र सुधारली. दहा मिनिटं असतील. मग दोन पोरं आली, एकाने फोन काढला आणि लाइट सरळ तिच्या तोंडावर मारून शूट करायला लागला, दुसरा हसतोय. तिने डोळे उघडले, हात आडवा धरला. मी त्याचा फोन खाली ढकलला आणि ओरडले त्याच्यावर, तर म्हणतो, चिल, स्टोरी टाकतोय फक्त.

मी मागे वळले तोपर्यंत ती जॅकेट घालत होती. अडीचसुद्धा वाजले नव्हते.